दोन स्लीपरचं पाऊल

माझी बायको नीलम्मा गेली तो मंगळवार होता. मी बीटवर होतो. मी रेल्वेत चावीवाला आहे. रोज सहा किलोमीटर लाइन पायी बघत जायची, सैल झालेल्या क्लिपा हातोड्यानं ठोकून बसवायच्या, रूळ कुठं तडकला नाही ना ते बघायचं, हे माझं काम. तीस वर्षं करतो आहे. माघातल्या थंडीत रूळ आखडतो, म्हणून त्या दिवसांत लवकर निघावं लागतं. सकाळचे सव्वासात झाले असतील. फाटकावरच्या ज्ञानबाचा फोन आला.

"रेवणप्पा, कुटं हाईस?"

"मोरीच्या पलीकडं."

"हाईस तसा घरला ये. वहिनी पडल्यात."

"पडल्यात म्हंजे?"

"ये तू."

त्या 'ये तू'वरून मला कळलं. माझ्या पायाशी रुळाखालच्या एका आडव्या स्लीपरच्या दोन क्लिपा बाहेर आलेल्या होत्या. त्या मी ठोकून बसवल्या. मग मुकादमाला फोन केला आणि घराकडं निघालो.

घर होटगीच्या कडेला, लाइनला लागूनच्या आमच्या एकरभर रानात आहे. अंगणात बायका जमल्या होत्या. नीलम्माला घोंगडीवर ठेवलं होतं. माझी मुलगी सिद्धेश्वरी, घरातली सिद्धव्वा, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पायांत चालण्याचे बूट तसेच होते. डॉक्टर येऊन गेले होते. हृदय बंद पडलं म्हणाले.

मी सिद्धव्वाजवळ बसलो. ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"अव्वा बांधावर बसून माझे पाय बघत हुती. रोजच्यासारखी. मी फेरी मारून आले तर ती आडवी झाली हुती. मला वाटलं, आणखी खालनं बघतीया. कधीकधी बघायची की आडवं होऊन. म्हणून मी गुडघा जास्तच सरळ ठेवला. दोन फेऱ्या मारल्या अप्पा. तिसऱ्या फेरीला तिचा पदर वाऱ्यानं तोंडावर आला आन् तिनं तो काढला न्हाय."

मी तिचे बूट काढले. लेस घट्ट होती, सुटायला वेळ लागला.

दुपारी रानातच, बांधाच्या आतल्या अंगाला, नीलम्माला माती दिली. आमच्या लिंगायतांत बसवून देतात, तशी दिली.

*

चालण्याची शर्यत असते हे आमच्या भागात कुणाला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. सिद्धव्वा शाळेत पळायच्या शर्यतीत कायम मागं असायची. शहरातले अभिमन्यू सर एकदा शाळेत आले होते. मैदानी खेळांचं कोचिंग करतात. शर्यत संपल्यावर घराकडं चालत निघालेली सिद्धव्वा त्यांनी बघितली आणि मोटरसायकल घेऊन तिच्या मागं आमच्या अंगणापर्यंत आले.

"ही पळायची नाही, चालायची मुलगी आहे," ते म्हणाले. "नियम दोनच आहेत. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे. आणि पुढचा पाय टेकल्यापासून तो अंगाखाली येईपर्यंत त्याचा गुडघा सरळ पाहिजे. पंच कडेला उभे असतात. चूक दिसली की लाल कार्ड. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की बाहेर."

नीलम्मा सुपात ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "येवढंच? मग बसल्या बसल्या बघता येईल की."

आणि तिनं खरंच बघितलं. पाच वर्षं. फाटकापासून ओढ्याच्या मोरीपर्यंत लाइनच्या कडेनं गाडीवाट आहे, जाऊन येऊन एक किलोमीटर. सिद्धव्वा दहा फेऱ्या मारायची आणि नीलम्मा बांधावर वांग्याच्या वाफ्यात खुरपत बसायची. बाईचा सगळा जन्म जमिनीपासून दीड हातावर डोळे ठेवून गेलेला. सकाळचं ऊन आडवं यायचं, त्यात पोरीच्या बुटाखाली उजेड दिसला की हिला कळायचं. हातातलं खुरपं न थांबवता ओरडायची, "मोणकाल नेट्टग!" गुडघा सरळ, एवढंच. ती माहेरची कानडी बोलायची ती फक्त रागात आणि या कामात.

या चालीत कंबर हलते. हलवावीच लागते, नाहीतर पाऊल वाढत नाही. लोकांना तेच दिसायचं. फाटक बंद असलं की ट्रॅक्टरवाले थांबलेले असायचे. एकदा एकजण ओरडला, "ए बदक!"

नीलम्मा खुरपं घेऊन उठली. "बदक हाय तर हाय. तू पड पाण्यात, मग बघू कोण बुडतंय." फाटक उघडेपर्यंत तो मान खाली घालून बसला. ज्ञानबानं मुद्दाम दोन मिनिटं उशिरा उघडलं असं त्यानंच मला नंतर सांगितलं.

तर असं चाललं होतं. सिद्धव्वाला एकोणीस पूर्ण झाली होती. वीस वर्षांखालच्या गटात तिचं हे शेवटचं वर्ष. एप्रिलच्या शेवटी पुण्यात निवड चाचणी होती. दहा किलोमीटर बावन्न मिनिटांच्या आत चालून पहिल्या दोघींत येणाऱ्या मुली राज्याच्या शिबिरात जाणार होत्या. तिथं राहणं, खाणं, डॉक्टर, मोठे कोच, सगळं. पुढच्या वर्षी तिला थोरल्या बायकांत चालावं लागलं असतं, आणि तिथं एवढ्यात तिचा निभाव लागला नसता. सिद्धव्वाची वेळ होती त्रेपन्न मिनिटं.

*

तिसऱ्या दिवशी जंगम स्वामी आले होते. भावकीतलं कुणीतरी म्हणालं, पोरगीनं आता वर्षभर तरी हे चालणं बंद ठेवावं. स्वामी म्हणाले, "आपल्यात सुतक न्हाय. तिला काय करायचं ते करू द्या."

पण नीलम्माचा धाकटा भाऊ विरेश ऐकत नव्हता. वळसंगला त्याचं किराणा दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण तोलून मापून बोलायची सवय. मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, अक्का हुती तवर ठीक हुतं. आता घरात बाईमाणूस न्हाय. अक्कलकोटकडचं एक स्थळ हाय. चांगलं हाय. पोरगा ग्रामपंचायतीत हाय."

"एप्रिलपर्यंत बोलू नको."

"आन् एप्रिलमदी न्हाय झालं तर?"

"तर मग बोल."

"दाजी, तिला बघणार कोण? अक्का बघायची."

"मी हाय की."

हे मी ताठ मानेनं बोललो. मला खात्री होती. नीलम्मा जन्मभर बसून होती, मी जन्मभर चालत होतो. चालण्यातलं मला कळत नाही तर कुणाला कळणार?

अभिमन्यू सर भेटायला आले तेव्हा त्यांनाही मी तेच सांगितलं. ते आठवड्यातनं एकदा शहरातनं येत, रोज येणं त्यांना जमत नव्हतं. ते म्हणाले, "मामा, वेळ मी बघतो. तुम्ही फक्त पाय बघा. मामी बघायच्या तसे."

दुसऱ्या दिवशी मी बांधावर बसलो. सिद्धव्वा समोरून गेली. मला पाय दिसले. बूट दिसले. गुडघा वाकला की नाही, ते काही कळलं नाही. पाय आला आणि गेला. एका मिनिटात पावणेदोनशे पावलं टाकते ती. दहा फेऱ्या झाल्या, मी एकदाही ओरडलो नाही.

"कसं झालं अप्पा?"

"बरं झालं."

तिला कळलं असणार.

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. आपल्याला डोळ्यानं जमत नाही, पण मोजता येतं. लाइनवर सगळं मोजमापावर चालतं. मी तिची एका फेरीतली पावलं मोजली आणि एका पावलाचा हिशोब काढला. एक मीटर आठ सेंटीमीटर भरलं. लाइनवर दोन स्लीपरमधलं अंतर साठ सेंटीमीटर. मी एक स्लीपर सोडून एकावर पाय टाकत चालतो, म्हणजे माझं पाऊल एक मीटर वीस. तीस वर्षं त्याच पावलानं चाललो, कधी दमलो नाही. पोरगीचं पाऊल दोन स्लीपरचं झालं तर तेवढ्याच दमात तिचे किती मीटर वाचतील! मला स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात कशी आली नाही?

ड्यूटी संपल्यावर चुन्याचं घमेलं घेतलं, एक मीटर वीसची काठी कापली आणि गाडीवाटेवर फाटकापासून खुणा टाकायला लागलो. काठी ठेवायची, चुन्याचा पट्टा ओढायचा, काठी उचलायची. फाटकापासून मोरीपर्यंत चारशे सोळा पट्टे झाले. तीन दिवस लागले. कंबर धरली, बोटांच्या पेरांत चुना चावून भेगा पडल्या. ज्ञानबा फाटकातनं बघत होता.

"काय रं, गाडी आणतोस का काय हिकडनं?"

"पोरगीची लाइन टाकतोय."

"लेव्हल बघितलीस का? न्हायतर घसरायची."

सिद्धव्वा पट्ट्यांवर पाय टाकून चालायला लागली. पहिले दोन दिवस तिच्या नडग्या आणि मांडीचा सांधा दुखला. मी तेल लावून दिलं. तिसऱ्या आठवड्यात सरांनी घड्याळ लावलं. एक्कावन्न मिनिटं वीस सेकंद.

सरांनी घड्याळ दोनदा बघितलं. "मामा, काय केलंत?"

"पाऊल वाढवलं."

त्यांनी खाली वाकून चुन्याचे पट्टे बघितले. "पंचांपुढं एकदा चालू दे. पुढच्या रविवारी शहरात जिल्ह्याची शर्यत आहे. तिथं बघू."

मी मनात म्हणालो, बघा की.

*

फाल्गुन लागला होता. सकाळी नऊलाच ऊन डोक्यात जात होतं. मैदानावर सहा मुली चालायला उभ्या होत्या. चारशे मीटरच्या पंचवीस फेऱ्या. बाजूला क्रिकेट खेळणारी पोरं होती, ती खेळ सोडून हसायला आली. सिद्धव्वा पहिल्या फेरीपासून पुढं गेली. दुसऱ्या फेरीला पंधरा मीटर, पाचव्या फेरीला अर्धं मैदान. मी कठड्याला धरून उभा होतो. शेजारच्या माणसाला न विचारता सांगितलं, "माझी हाय ती."

सहाव्या फेरीला एका पंचानं तिच्यापुढं पिवळी पाटी धरली. म्हणजे सूचना. आठव्या फेरीला दुसऱ्यानं. फळ्यावर तिच्या नंबरापुढं एक लाल ठिपका आला, मग दुसरा. सिद्धव्वानं ते बघितलं, पण पाऊल तसंच ठेवलं. चौदाव्या फेरीला मुख्य पंच ट्रॅकच्या कडेला आली आणि लाल पाटी तिच्यापुढं धरली. सिद्धव्वा थांबली. छातीवरचा नंबर तिला तिथंच काढून द्यावा लागला. पिन लवकर निघत नव्हती. क्रिकेटची पोरं ओरडली, "आउट! आउट!"

मी कठडा ओलांडून आत गेलो. काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. कोण पुढं हाय ते दिसत न्हाय का, डोळे हायत का बटणं, असं काहीतरी.

ती पंच साठीची बाई होती. डोक्याला टोपी, पायांत कापडी बूट. गिरिजाबाई नाव. शाळेत खेळाची शिक्षिका होती, आता निवृत्त. ती शांत होती.

"तुम्ही कोण?"

"बाप."

"मग इथं बसा."

"कुटं?"

"खाली. जमिनीवर."

मुलांची शर्यत सुरू होत होती. मी बसलो. माती तापलेली होती. मुलं समोरून गेली.

"काय दिसलं?"

"पाय."

"कुणाचा गुडघा वाकला?"

मुलं वळणापलीकडं गेली होती.

"तीन पंचांनी तीन ठिकाणाहून तिला बघितलं. तुम्हाला एकही दिसत नाही, आणि तुम्ही आम्हाला आंधळं म्हणता."

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. सिद्धव्वा मागं उभी होती. गिरिजाबाई म्हणाली, "हिचं पाऊल हिच्या उंचीला मोठं आहे. टाच फार पुढं पडते, गुडघा सरळ व्हायच्या आत. आणि ते अंतर गाठायला मागचा पाय आधीच सुटतो. दोन्ही चुकांचं कारण एकच आहे. मी गेल्या वर्षी हिला बघितलं होतं, तेव्हा असं नव्हतं. असं पाऊल आपोआप येत नाही. कुणी शिकवलं?"

मी मातीकडं बघत होतो.

सिद्धव्वा म्हणाली, "माझं मीच मॅडम. लवकर पोचायला."

अभिमन्यू सर तिथंच होते. त्यांना खरं माहीत होतं. तेही काही बोलले नाहीत.

परत येताना एसटीत सिद्धव्वा खिडकीशी बसली. मी म्हणालो, "तू खोटं का बोललीस?"

"समद्यांसमोर काय सांगू अप्पा? माझ्या बापानं रूळ मोजून दिला म्हणून?"

*

सोमवारी बीटवर गेलो. ऊन एका बाजूनं येत होतं आणि माझी सावली दुसऱ्या बाजूला खडीवर पडत होती. तीस वर्षं ती सावली सोबत चालत होती, मी कधी बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली. गुडघा एकदाही सरळ होत नव्हता. पुढचा पाय वाकलेला पडायचा, मागचा वाकलेलाच उचलायचा. मी थांबलो. गुडघा ताठ करून एक स्लीपर सोडून चालायला गेलो. चौथ्या पावलाला खडीत पडलो. हातोडा एकीकडं, पाना दुसरीकडं.

फाटकावर ज्ञानबाला विचारलं, "मी कसा चालतो रं?"

"तू? बैल चिखलातनं चालतो तसा. आपली समदी गँग तशीच चालती. लग्नात अक्षता पडल्यावर तू मांडवातनं तसाच निघालास. वहिनीनं शेला धरून मागं ओढलं हुतं तुला."

मला हसू आलं. नीलम्मा गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता गुडघ्यावर हात ठेवून खाली बसावं लागलं. ज्ञानबानं पाणी दिलं. गाडी आली, त्यानं हिरवी झेंडी धरली, गाडी गेली.

मी माझी चाल पोरीला दिली होती. खडीतून, स्लीपरवरून, ओझं घेऊन दिवसभर चालायला ती चाल चांगली आहे. पंचापुढं ती चालत नाही.

घरी आलो, कुदळ घेतली आणि फाटकाच्या बाजूनं पट्टे उकरायला लागलो. नुसतं झाडून जात नव्हते. दवानं चुना मातीत मुरला होता. थोड्या वेळानं सिद्धव्वा खोरं घेऊन आली. ती माझ्या मागं माती ओढून सारखी करत होती. शंभरेक पट्टे झाले असतील. मी न थांबता म्हणालो, "तुझी आई गेली त्या दिवशी ज्ञानबाचा फोन आल्यावर मला कळलं हुतं. तरी मी दोन क्लिपा ठोकल्या. मग निघालो."

मागं खोऱ्याचा आवाज थांबला.

"का?"

"सैल हुत्या."

खोरं परत चालायला लागलं. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "त्या दोन फेऱ्यांत माझा गुडघा लई चांगला हुता अप्पा. तसा परत कधी पडला न्हाय."

"मग तो तुझ्या पायात हाय. कुटं गेला न्हाय."

चारशे सोळा पट्टे काढायला दोन दिवस लागले.

*

चाचणीला सात आठवडे होते. सिद्धव्वा जुन्या पावलावर आली आणि वेळ परत त्रेपन्नवर गेली. मला बघायला शिकायचं होतं. सरांनी मोबाइलवर संथ करून दाखवलं, पण त्यात सगळेच हवेत दिसतात, जगातले मोठे चालणारेसुद्धा. सर म्हणाले, "पंच मोबाइल बघत नाही मामा. डोळ्याला दिसतं तेवढंच धरतो. तुम्हाला डोळाच लावावा लागेल."

मी बांधावर बसायला लागलो. ज्वारी उपटून आडवी टाकलेली होती. कणसं खुडायची होती. सकाळी बीटवर जायच्या आधी तास-दीड तास मिळायचा, तेवढ्यात मी एका जागी बसून डोळे ताणून पाय बघायचो. सहा-सात दिवस गेले. डोळ्यांतून पाणी यायचं, दिसायचं काही नाही. मग एके दिवशी वाटलं, नुसतं बसून सकाळ वाया जाते, कामही पडलंय. म्हणून ज्वारी ओढून घेतली आणि उकिडवा बसून कणसं खुडत राहिलो. पोरगी येत होती, जात होती. हातांना काम होतं. धांडं, कणीस, टोपली. धांडं, कणीस, टोपली.

पाचव्या का सहाव्या फेरीला माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "मोणकाल!"

सिद्धव्वानं माझ्याकडं बघितलं नाही. पुढचंच पाऊल सरळ पडलं.

मला तेव्हा कळलं ते मी साधं सांगतो. लाइनवर मी एकेक क्लिप बघत नाही. सहा किलोमीटरमध्ये हजारो क्लिपा असतात, कोण बघणार? चांगल्या क्लिपा मला दिसतच नाहीत. जी सैल असते ती डोळ्याला टोचते. पायांचंही तेच आहे. चांगली पावलं जाऊ द्यायची. त्यासाठी डोळा मोकळा पाहिजे आणि हात कामात पाहिजेत. नीलम्मा खुरपत बसायची ते काही रान साफ करायला नव्हे. म्हणजे रानही साफ व्हायचंच.

त्या दिवसापासून मला भरवसा आला. रोज आठ-दहा वेळा ओरडायचो, मग चार वेळा, मग दोन. सरांनी पाऊल वाढवायच्या ऐवजी पावलांची संख्या वाढवली. मिनिटाला पावणेदोनशेची एकशे ऐंशी झाली. त्यासाठी ती सकाळी दहा फेऱ्या आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर पाच मारायची. बुटांच्या टाचा महिन्यात झिजल्या. पायाच्या दोन अंगठ्यांची नखं काळी पडून गेली. ती नखं तिनं स्वतःच काढली आणि मला दाखवायला आणली.

"टाकून दे," मी म्हणालो.

"नवी येतील की," ती म्हणाली.

कणसं संपली. मग मी कडब्याच्या पेंढ्या बांधत बसलो. पेंढ्या संपल्यावर ज्ञानबाच्या बायकोनं भुईमुगाच्या शेंगा फोडायला आणून दिल्या. "बसताच हाय तर आमचं बी काम करा की भावजी," म्हणाली. एप्रिलभर मी फाटकाच्या आसपासच्या चार घरांच्या शेंगा फोडल्या.

*

पुण्यात चाचणी सकाळी साडेसहाला होती. सोळा मुली होत्या. त्यांतल्या काहींबरोबर मालिश करणारी माणसं आली होती. एकीच्या बुटांकडं सिद्धव्वा जरा जास्त वेळ बघत राहिली. मी म्हणालो, "बूट चालत न्हाईत."

"म्हाईत हाय अप्पा."

मला आत जाऊ दिलं नाही. कठड्याच्या बाहेर, वळणाजवळ मी खाली बसलो. खिशात शेंगा होत्या, त्या फोडायला लागलो. एक सुरक्षारक्षक येऊन म्हणाला, टरफलं टाकू नका. मी टरफलं रुमालात घेतली.

सिद्धव्वा आठ किलोमीटरपर्यंत चौथी होती. मी प्रत्येक फेरीला बघत होतो आणि मला काही टोचत नव्हतं. आठनंतर पुढच्या दोघींचे पाय मला टोचायला लागले. एकीच्या बुटाखाली उजेड दिसत होता. पुढच्याच फेरीला तिला लाल पाटी मिळाली आणि ती बाहेर गेली. दुसरी आपणहून हळू झाली. सिद्धव्वा दुसऱ्या नंबरावर आली. आणि तेव्हाच मला तिचा डावा गुडघा टोचला. दमल्यावर तो थोडा वाकून पडत होता. पंचालाही दिसला. तिच्या नंबरापुढं एक लाल ठिपका आला. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं. तिनं फळा बघितला आणि स्वतःच पाऊल बोटभर आखूड केलं.

एक्कावन्न मिनिटं अडतीस सेकंद. दुसरी. एकच लाल कार्ड.

अभिमन्यू सर मला धरून नाचायला लागले. मला नाचता येत नाही. मी रुमाल सांभाळत होतो.

पुढच्या रविवारी विरेश आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाजी, बोलू का आता?"

"बोल."

"तितं शिबिरात भाकरी देत्यात का?"

सिद्धव्वा आतून हसली. मी म्हणालो, "चपाती देत असतील."

"चपातीवर कुटं चालणं हुतंय. दुकानातनं कडक भाकरी आन् शेंगाचटणी बांधून देतो. महिनाभर टिकंल. संपली की फोन कर म्हणावं." मग टोपी डोक्यावर ठेवत म्हणाला, "त्या स्थळाला मी सांगितलंय, पोरगी कामात हाय."

जूनच्या एक तारखेला तिला शिबिरात हजर व्हायचं आहे. सरांनी तिथल्या कोचशी बोलून ठेवलं आहे. मीही फोनवर बोललो. त्या बाई दिल्लीकडच्या आहेत, हिंदीत बोलल्या. मी त्यांना माझ्या हिंदीत सांगितलं, पाऊल मापू नका, वाढवायचं असेल तर तिला विचारा. त्या हसल्या, पण लिहून घेतलं म्हणाल्या.

देशाच्या संघात यायला पन्नास मिनिटांच्या आत चालावं लागतं. ते ती चालेल. एका वर्षात नाही तर दोन वर्षांत. हे मी बाप म्हणून म्हणत नाही, तिचे पाय बघितलेला माणूस म्हणून म्हणतो.

आठ किलोमीटरनंतर डावा गुडघा अजून वाकतो. निघायला एकोणीस दिवस आहेत, आणि ते काम राहिलं आहे.